काळी ज्वारी आणि पाचकाची गोळी

वाचकहो, कणसात दाणा भरला, ताटे पिवळी पडू लागली आणि नेमका तेव्हाच आठ दिवस पाऊस लागून राहिला, तर पुढे काय होते हे बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला सांगायला नको. मोत्यासारखा दाणा आधी राखी होतो, मग काळा पडतो. घरात आणला तर पोत्यातून कुबट वास येतो. आडत्याकडे नेला तर भाव अर्ध्यावर येतो. मग घरात एकच विचार सुरू होतो : ही ज्वारी खावी, विकावी, गुरांना घालावी की उकिरड्यावर टाकावी?

याच घरातील औषधाच्या डब्यात बहुधा आणखी एक वस्तू सापडेल. लग्नाचे जेवण अंगावर आले, पोट फुगले, की घ्यायची पाचकाची गोळी किंवा बाटलीतले पाचक औषध. त्याच्या वेष्टनावरचे बारीक अक्षर वाचून पाहा. पुष्कळ औषधांवर ‘फंगल डायस्टेज’ असे शब्द असतात. फंगल म्हणजे बुरशीपासून काढलेले. ज्या बुरशीने आपली ज्वारी काळी केली, तिच्याच गणगोतातील एका बुरशीपासून हे औषध तयार होते!

एकीकडे नुकसान आणि दुसरीकडे औषध, हे कसे? यातला भेद नीट समजला तर काळ्या ज्वारीचे काय करावे याचे उत्तरही आपोआप मिळेल.

भाकरी तोंडात गोड का लागते?

ज्वारीच्या दाण्यात जवळजवळ सत्तर टक्के पिष्ट असते. पिष्ट म्हणजे स्टार्च. कपड्याला आपण जी खळ देतो तीच वस्तू. हे पिष्ट म्हणजे साखरेच्या बारीक मण्यांची लांबच लांब माळ समजा. एकेका माळेत शेकडो, हजारो मणी. माळ अखंड असते तोवर ती जिभेला गोड लागत नाही आणि आपल्या रक्तातही शिरू शकत नाही. ती तुटून मणी सुटे झाले, म्हणजेच तिची साखर झाली, की मग ती अंगी लागते.

ही माळ तोडणाऱ्या द्रव्याला शास्त्राच्या भाषेत विकर किंवा एन्झाइम म्हणतात. आपल्या लाळेत ते असते. भाकरीचा नुसता कोर, कोरड्यासाशिवाय, चांगला दोन-तीन मिनिटे चावत राहा. हळूहळू तो गोडसर लागू लागतो. भाकरीत कोणी गूळ घातलेला नसतो. लाळेने पिष्टाची साखर केलेली असते.

मुलांना याचा एक प्रयोग करून दाखवता येईल. जखमेवर लावायचे आयोडीनचे तपकिरी औषध घ्या आणि पाण्यात पातळ करून त्याचा थेंब भाकरीच्या तुकड्यावर टाका. तुकडा काळानिळा होईल. ही पिष्टाची खूण. आता दुसरा तुकडा भरपूर चावून, बशीत काढून, थोडा वेळ ठेवा आणि त्यावर थेंब टाका. रंग फिका येईल. जितके पिष्ट तुटले तितका निळा रंग कमी. (प्रयोगाचे तुकडे मात्र कोणी खाऊ नयेत, फेकून द्यावेत.)

विकरेही निरनिराळ्या प्रकारची असतात. आपल्या जिल्ह्यातली माणसे ऊसतोडीला जातात, त्यांना हे चटकन कळेल. एक विकर कोयत्यासारखे काम करते. ते माळेवर मध्येच कुठेही घाव घालून तिची कांडकी करते. त्याचे नाव अमायलेज. डायस्टेज हे त्याचेच जुने नाव. दुसरे विकर टोकाला बसते आणि एकेक मणी सुटा करत जाते. त्याला ग्लुकोअमायलेज म्हणतात. बुरशीजवळ ही दोन्ही हत्यारे असतात.

उसाच्या साखरेचे मणी दोन-दोनच्या जोडीने असतात. ही जोडी फोडणारे विकर उसात स्वतःचेच असते. ऊस तोडून बांधावर पडून राहिला की ते जोरात कामाला लागते, उतारा घटतो, आणि अशा शिळ्या उसाचा गूळ घट्ट न बसता चिकट होतो. तोडलेला ऊस लवकर गाळपाला पोचवण्याची घाई उगीच नसते.

बुरशीला पोट नसते

माणूस आधी खातो आणि मग पचवतो. बुरशीचे उलटे असते. तिला तोंड नाही, पोट नाही. ती दाण्यावर बारीक तंतू पसरते, आपले विकर बाहेर सोडते, दाण्यातले पिष्ट जागच्या जागी पचवते आणि तयार झालेली साखर शोषून घेते. म्हणजे दाणा हेच तिचे ताट आणि दाणा हेच तिचे पोट!

ओलसर पोत्यात हात घातला तर आत ऊब लागते, हा अनुभव पुष्कळांना असेल. ही ऊब कुठून येते? बुरशी ती साखर खाते, श्वास घेते आणि उष्णता बाहेर टाकते. त्या श्वासातून पाणीही सुटते. त्यामुळे पोते अधिक ओले होते आणि बुरशी अधिक वाढते. एका कोपऱ्यात लागलेली कीड महिन्याभरात सगळ्या थप्पीला धरते ती अशी.

अशा ज्वारीचे पीठ मायबहिणींना लगेच ओळखू येते. आधणाचे पाणी घातले तरी पीठ नीट मळले जात नाही, भाकरी थापताना फाटते आणि परातीतून उचलत नाही. कारण भाकरीला धरून ठेवणाऱ्या पिष्टाच्या माळा आधीच तुटलेल्या असतात. पावसात कणसावरच मोड फुटलेल्या ज्वारीचेही असेच होते. फरक एवढाच, की तिथे विकर बुरशीचे नसून दाण्याचे स्वतःचे असते. उगवणाऱ्या कोंबाला खायला मिळावे म्हणून दाणा स्वतःच आपले पिष्ट फोडू लागतो.

जपानी माणसाने शोधले औषध

मोड आलेल्या जवातून हे विकर प्रथम वेगळे काढले ते फ्रान्समधील पायें आणि पेरसो या दोन शास्त्रज्ञांनी, १८३३ साली. डायस्टेज हे नाव त्यांचेच. पण ते बुरशीपासून काढून औषध म्हणून घरोघर पोचवण्याचे श्रेय जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाचे आहे.

ताकामिने यांचा जन्म १८५४ चा. त्यांच्या आईच्या माहेरी तांदळाची दारू गाळण्याचा धंदा होता. जपानात ही दारू करताना वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम एक बुरशी वाढवतात. अशा बुरशी धरलेल्या तांदळाला ते लोक ‘कोजी’ म्हणतात. कित्येक शतके त्यांचे हे चालत आले आहे. ताकामिने १८९० साली अमेरिकेत गेले. तिथे दारूच्या कारखान्यांत जव भिजवून, मोड आणून, वाळवून वापरत. त्यात फार दिवस जात. ताकामिने यांनी गव्हाच्या कोंड्यावर कोजीची बुरशी वाढवली आणि दोन-तीन दिवसांत तितकेच प्रभावी विकर काढून दाखवले. त्यांच्या कामाला तेथील मोडाचे धान्य पुरवणाऱ्या मंडळींनी कडाडून विरोध केला. १८९१ साली त्यांच्या कारखान्याला आगही लागली. पण ते खचले नाहीत. १८९४ साली त्यांना या विकराचे पेटंट मिळाले, आणि ‘ताका-डायस्टेज’ या नावाने ते अपचनावरचे औषध म्हणून खपू लागले. आपल्याकडच्या ‘फंगल डायस्टेज’च्या गोळ्या हा त्याच औषधाचा वंशविस्तार होय. गव्हाचा कोंडा, जो आपण गुरांना घालतो, त्यावर हे औषध उगवले ही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

गोळी कोणी घ्यावी?

इथे दोन शब्द स्पष्ट सांगितले पाहिजेत. धडधाकट माणसाच्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात हे विकर पुरेसे असते. एखाद्या वेळी जड जेवण झाले म्हणून कोणी गोळी घेतली तर तिने फारसे बिघडत नाही. पण रोज जेवणानंतर गोळी लागतेच, अशी सवय झाली असेल तर दुखणे दुसरे कुठले तरी आहे असे समजावे. घाईघाईने न चावता जेवणे, तंबाखू, अवेळी जेवण यांवर आधी इलाज करावा. वजन उतरत असेल, शौचावाटे रक्त पडत असेल, काविळीची लक्षणे असतील किंवा पोटदुखी सतत राहत असेल, तर गोळ्यांवर दिवस काढू नयेत. सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्यावे. मधुमेही माणसाने हेही लक्षात ठेवावे, की हे विकर साखर कमी करत नाही, उलट पिष्टाची साखरच करते. शिवाय बाटलीतले पाचक बहुधा गोड असते.

भाऊ औषधी, भाऊ विषारी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कोजीच्या बुरशीचे शास्त्रीय नाव अस्परजिलस ओरायझी. ही पिढ्यान् पिढ्या माणसाने पाळलेली, माणसाळलेली बुरशी आहे. तिचा सख्खा रानटी भाऊ म्हणजे अस्परजिलस फ्लेव्हस. दिसायला दोघे जवळजवळ सारखे, पिवळसर हिरवे. दोघेही पिष्ट तितक्याच हौसेने फोडतात. पण रानटी भाऊ धान्यात अफलाटॉक्सिन नावाचे विष सोडतो. माणसाळलेला भाऊ ते सोडत नाही. गाय आणि रानगवा यांत जो फरक, तसाच काहीसा हा प्रकार.

हे विष किती वाईट, याचा दाखला आपल्या शेजारचाच आहे. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांत अवेळी पावसाने मका भिजला. घरात दुसरे धान्य नव्हते म्हणून लोकांनी तोच बुरसटलेला मका खाल्ला. माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले, आणि शंभरावर माणसे दगावली. त्या घरांतले उष्टे खाणारी कुत्रीही मेली. शोध घेतला तेव्हा मक्यात अफलाटॉक्सिन सापडले.

ज्वारीचाही दाखला आहे. १९९५ साली दख्खनच्या पठारावर, आंध्र आणि कर्नाटकातील काही खेड्यांत, पावसात भिजलेल्या ज्वारीच्या आणि मक्याच्या भाकरी खाऊन लोकांना पोटात कळा, गुडगुड आणि जुलाब यांचा त्रास झाला. तिथे दोष होता फ्युझेरियम नावाच्या वेगळ्या बुरशीचा आणि तिच्या फ्युमोनिसिन या विषाचा.

यावरून प्रत्येक काळा दाणा विषारी, असे मात्र समजू नये. ज्वारी काळी करणाऱ्या बुरशा अनेक आहेत आणि त्यांतल्या सगळ्याच हे विष करत नाहीत. अफलाटॉक्सिनचा धोका ज्वारीपेक्षा मक्याला आणि भुईमुगाला अधिक. पण अडचण अशी, की कोणती बुरशी कोणती, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार धान्याच्या एका किलोत अफलाटॉक्सिन १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! एवढेसे विष चवीला किंवा वासाला कळणे शक्यच नाही.

पुष्कळांचा समज असतो, की तव्यावर भाकरी भाजली म्हणजे सगळे दोष जळून जातात. तापलेल्या तव्यावर बुरशी मरते, तिचे विकरही मरते, पण अफलाटॉक्सिन मरत नाही. दाणे धुतले, उन्हात घातले, कुबट वास गेला, तरी आत शिरलेले विष बरेचसे तसेच राहते.

दुभत्या जनावराला असे धान्य किंवा बुरसटलेली पेंड घातली तर हे विष रूप बदलून दुधात उतरते, आणि दूध उकळूनही जात नाही. घरातले लहान मूल ते दूध पिते. म्हणून ‘माणसाला नको, तर म्हशीला घाला’ हा हिशोब चुकीचा आहे. कोंबड्यांची पिले तर या विषाला फारच लवकर बळी पडतात.

खरिपाची काळी, रब्बीची पांढरी

जुनी माणसे सांगतात, की पूर्वी ज्वारी इतकी काळी पडत नसे. त्यात तथ्य आहे. जुन्या खरीप ज्वारी उशिरा निसवत; दाणा भरेपर्यंत पाऊस सरलेला असे. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले आणि पुढे अशी वाणे वाढत गेली. उत्पन्न भरघोस आले, पण ही वाणे लवकर पक्व होत असल्याने दाणा ऐन पावसात सापडू लागला. रब्बीची मालदांडी मात्र, जी सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडली गेली, थंडीत पिकते आणि पांढरीशुभ्र राहते. आष्टी-पाटोद्याकडची माणसे रब्बीच्या भाकरीचे कौतुक करतात ते उगीच नाही.

आता खरीप ज्वारीची पुष्कळशी जागा सोयाबीन आणि कापसाने घेतली आहे. पण मका आहे, भुईमूग आहे, आणि पाऊस लांबण्याची भीतीही आहे. २०२५ च्या सप्टेंबरात बीडसह मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली ती कोण विसरेल?

मग काळ्या धान्याचे करायचे काय?

पहिली गोष्ट, ते चांगल्या धान्यात मिसळू नये. भाव सावरावा म्हणून केलेली ही भेसळ चांगल्या पोत्यालाही बुरशी लावते, आणि ते खाणारे कोणीतरी आपल्यासारखेच घर असते.

दुसरी गोष्ट, वाळवून, उफणून आणि सुपाने पाखडून हलके, किडके, रंग उडालेले दाणे बाजूला काढावेत. विष बहुतांशी अशाच दाण्यांत असते. भुईमुगाचे सुरकुतलेले, हिरवट भुकटी धरलेले शेंगदाणे एकेक करून निवडून फेकावेत. ते घाण्यालाही देऊ नयेत.

तिसरी गोष्ट, जे खाण्यालायक नाही ते तसेच सांगून वेगळे विकावे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने माणसाच्या खाण्यास अयोग्य झालेल्या धान्यापासून इथेनॉल करण्यास वाव दिला आहे. त्या कारखान्यात काय चालते? धान्य दळून शिजवतात. एक विकर पिष्टाची कांडकी करते, मग बुरशीपासून काढलेले ग्लुकोअमायलेज त्याची साखर करते आणि शेवटी यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. पोत्यात आपले नुकसान करणारे काम तिथे माणसाच्या फायद्याचे होते. महाराष्ट्रात २००७ साली धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना सरकारने प्रोत्साहन दिले, तेव्हा ‘गरिबाची भाकरी दारूत का घालता?’ म्हणून मोठा वाद झाला, डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी कडाडून विरोध केला. तो प्रश्न आजही विचार करण्याजोगा आहे. पण खरोखर सडलेल्या धान्याला मोटारीच्या टाकीत वाट मिळत असेल, तर ती आपल्या ताटापेक्षा बरी.

यात एक सावधगिरी मात्र हवी. अशा कारखान्यातून उरलेला चोथा पशुखाद्य म्हणून विकला जातो. पिष्ट निघून गेल्याने शंभर किलो धान्याचा साधारण तीस किलो चोथा उरतो, पण विष मात्र सगळे त्यातच राहते. म्हणजे ते सुमारे तिप्पट दाट होते. दुभत्या जनावरासाठी असा चोथा घेताना तपासणी झालेला, खात्रीचा माल पाहूनच घ्यावा.

पुढच्या हंगामासाठी

दाण्याच्या बुडाशी, जिथे तो कणसाला चिकटलेला असतो तिथे, काळा ठिपका दिसू लागला की दाणा पूर्ण भरला असे समजावे. आभाळ भरून येत असेल तर ताटे वाळण्याची वाट न पाहता कणसे खुडून आडोशाला, वारा लागेल अशी पसरावीत. ढीग घालू नये.

मळणीनंतर ज्वारी इतकी वाळवावी, की दाताखाली दाणा ‘कट्‌’ करून फुटला पाहिजे. साठवणीसाठी ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. यंत्र नसेल तर घरगुती पारख अशी : काचेची कोरडी बाटली घ्या, त्यात कोरडे बारीक मीठ आणि मूठभर दाणे घालून दोन-तीन मिनिटे हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा पंधरा टक्क्यांवर आहे. ते धान्य पोत्यात भरू नये. मीठ चिकटले नाही तरी आणखी एक-दोन कडक उन्हे द्यावीत. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत.

ज्यांच्याकडे अजून पेव आहे त्यांनी ते उघडल्यावर लगेच आत उतरू नये. दाणे आणि बुरशी यांच्या श्वासाने आतली हवा विषारी झालेली असते आणि क्षणात माणूस गुदमरतो. एक खाली पडला म्हणून दुसऱ्याने उडी घेऊ नये. पेव पुष्कळ वेळ उघडे ठेवून हवा खेळू द्यावी, आणि कंदील आत सोडून तो विझत नाही हे पाहिल्यावरही कमरेला दोर बांधून, वर माणसे उभी करूनच उतरावे.

शेवटी मायबहिणींसाठी एक उपयुक्त गोष्ट. हेच विकर घरी, बुरशीशिवाय, मोडातून मिळते. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधा. मोड आले की उन्हात वाळवा, मोड चोळून काढा, किंचित भाजा आणि दळा. बाळासाठी शिजवलेली घट्ट लापशी थोडी निवाली, की चमचाभर हे पीठ घालून ढवळा. काही मिनिटांत ती पातळ होते. मग पुन्हा एक उकळी द्यावी. पाणी घालून पातळ केलेल्या पेजेत बाळाच्या पोटात नुसते पाणीच जाते. या लापशीत तेवढ्याच वाटीतून जास्त धान्य जाते. यासाठी ज्वारीचे मोड मात्र वापरू नका. कोवळी, खुरटलेली ज्वारी खाऊन गुरे दगावतात, ते विष ज्वारीच्या कोंबातही असते.

तेव्हा वाचकहो, बुरशी कोजीच्या हंड्यात आणि औषधाच्या कारखान्यात माणसाच्या ताब्यात असते, म्हणून ती उपयोगी पडते. आपल्या पोत्यात ती कोणाच्याच ताब्यात नसते. तिला तिथे शिरू न देणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी कडक ऊन, कोरडी फळी आणि मीठभरली बाटली एवढ्यावर भागते. येत्या सुगीत पोती शिवण्यापूर्वी बाटलीची पारख एकदा जरूर करून पाहा.